एएसएमचा दिवस, टीमचा महिना

औषध कंपनीतल्या एएसएमच्या (एरिया सेल्स मॅनेजर) हाताखाली साधारण पाच-सहा एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सुचवणारे प्रतिनिधी) असतात. सगळ्यांचं मिळून टार्गेट त्याच्या नावावर लागतं, पण डॉक्टरांची यादी त्याची नसते, ती एमआरची असते. किंमत कंपनी ठरवते, स्कीम कंपनी ठरवते, सॅम्पल किती पाठवायचे तेही हेड ऑफिसच ठरवतं. माणसं बहुतेक वेळा आधीच्या साहेबांनी घेतलेली, तशीच पदरात पडलेली. मग एएसएमच्या हातात उरतं काय? उरतो त्याचा स्वतःचा वेळ. आज कुठे जायचं, कोणाबरोबर जायचं, तिथे काय करायचं आणि कोणाला कधी फोन करायचा, एवढंच त्याला ठरवता येतं. टीमचा आकडा हलवायला त्याच्याकडे हेच एक साधन आहे. प्रायमरी (स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक विक्रेत्याला दिलेला माल), सेकंडरी (त्याने केमिस्टला दिलेला माल), उधारी, एक्स्पायरी या सगळ्यांचा पै-पैचा हिशेब कंपनी ठेवते. या साधनाचा हिशेब मात्र "महिन्यात किती दिवस फील्डवर" एवढ्या एका ओळीत संपतो.

इंदूरमध्ये हे प्रकरण घरचं आहे. आरएनटी मार्गावरचा दवा बाजार ही माळवा-निमाडची औषधांची मोठी घाऊक पेठ. साहजिकच कित्येक कंपन्यांचे एएसएम इंदूरला बसतात. रामबाग, लोकमान्य नगरकडच्या मराठी घरांतूनही कुणाचा भाचा, कुणाचा जावई या लाइनीत असतो. सकाळी पोहे खाऊन बॅग घेऊन निघालेला माणूस रात्री नऊनंतर घरी येतो आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर घरी असूनही नसतो, हे त्या घरांना ठाऊक आहे. हा सगळा वेळ नेमका कुठे जातो आणि त्यातला किती विक्रीच्या कामी येतो, ते जरा उलगडून पाहू. उदाहरणं औषधांच्या लाइनीतली घेतली आहेत. पण नमकीन, रंग, पंप, विमा विकणाऱ्या टीमलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

महिन्याचे बारा तास

आधी एमआरचा दिवस पाहू. समजा त्याने दिवसभरात 10 डॉक्टर केले (या लाइनीत अशा प्रत्येक भेटीला कॉल म्हणतात) आणि प्रत्येकाने सरासरी 3 मिनिटं दिली. म्हणजे डॉक्टरसमोर प्रत्यक्ष बोलणं झालं 30 मिनिटं. महिन्याचे 24 दिवस धरले तर 12 तास. बाकीचा वेळ गाडी चालवण्यात, ओपीडीबाहेरच्या बाकावर नंबरची वाट बघण्यात, केमिस्टच्या काउंटरवर आणि रिपोर्ट भरण्यात जातो. ती कामंही लागतातच. पण डॉक्टरांनी औषध लिहायचं की नाही, याचा निकाल मुख्यतः त्या 12 तासांत लागतो. महिनाभराचा पगार, डीए (रोजचा भत्ता), पेट्रोल, मोबाइल हा सगळा खर्च कंपनी त्या 12 तासांसाठी करत असते.

एएसएमच्या वेळेचा टीमच्या कामगिरीशी संबंध काय, हे समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. त्याने केलेलं कुठलंही काम त्या 12 तासांपर्यंत दोनच वाटांनी पोचतं: एकतर ते तास वाढतात, नाहीतर त्या तासांतलं बोलणं सुधारतं. दोन्हींपैकी काहीच होत नसेल तर साहेब कितीही धावपळ करोत, आकडा जिथे होता तिथेच राहतो.

ते तास कमी करायला मात्र एक फोन पुरतो. सकाळी साधारण 11 ते 2 आणि संध्याकाळी 6 ते 9 या ओपीडीच्या वेळा. एमआर एखाद्या दवाखान्यात बाकावर बसलेला असतो, आत दोन पेशंट उरलेले असतात आणि फोन थरथरतो. साहेबांचा आहे, उचलायलाच हवा. तो उठून जिन्यात जातो. "कुठे आहेस? किती कॉल झाले? त्या स्टॉकिस्टचा चेक आला का?" पाच मिनिटांत बोलणं संपतं, परत येतो तोवर दुसऱ्या कंपनीचा माणूस आत गेलेला असतो आणि त्याच्यानंतर डॉक्टरसाहेब ऑपरेशनला उठतात. फोन पाच मिनिटांचा होता, पण गेला तो अख्खा डॉक्टर. तो आता पुढच्या फेरीला, म्हणजे पंधरा दिवसांनी.

असं होण्यामागे साहेबांचा स्वभाव नसतो, वेळापत्रक असतं. एएसएम दवा बाजारात स्टॉकिस्टच्या दुकानात सेठजींची वाट बघत बसलेला असतो, किंवा गाडीतून कुठेतरी निघालेला असतो. त्याला मोकळी दहा मिनिटं मिळतात ती बरोबर टीमच्या ओपीडीच्या वेळेत. मोकळा वेळ मिळाला की माणूस फोन करतो, त्यात गैर काही नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर "1 वाजेपर्यंत आकडा टाका" असा मेसेज पडतो तोही याच वेळेत. त्यामुळे उपाय स्वभाव बदलण्याचा नाही, घड्याळाचा आहे. दुपारी 3 ते 5 दवाखाने बहुधा बंद असतात. टीमशी बोलायची वेळ तीच. सकाळी निघण्याआधी दहा मिनिटं, दुपारी या दोन तासांत एकदा, आणि ओपीडीच्या वेळेत फक्त अपघात किंवा आजारपणासारखं काही असेल तरच. एवढा एक नियम पाळला तरी टीमच्या हाती रोज काही कॉल जास्त लागतात आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

एका साहेबाने किती फरक पडतो

हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी बराच गांभीर्याने तपासला आहे. एडवर्ड लाझियर, कॅथरिन शॉ आणि क्रिस्तोफर स्टँटन यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका मोठ्या सेवा कंपनीतले सुमारे दोन हजार साहेब आणि त्यांच्या हाताखालचे तेवीस हजारांहून जास्त कर्मचारी यांची वर्षानुवर्षांची नोंद वापरली. सर्वांत कमकुवत 10 टक्क्यांतला साहेब काढून त्याजागी सर्वांत चांगल्या 10 टक्क्यांतला आणला, तर नऊ जणांच्या टीमचं काम जवळपास दहावा माणूस घेतल्याइतकं वाढतं, असं त्यांना दिसलं. आणि या वाढीचा मोठा भाग शिकवण्यातून येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. धाकाने वाढलेलं काम धाक सरला की उतरतं. शिकलेलं मात्र माणसाबरोबर राहतं, साहेब बदलले तरी.

आपल्या एएसएमचं गणित यावरून मांडता येतं. पाच एमआरची टीम आहे. त्याने स्वतः बॅग घेऊन विकायला सुरुवात केली, तर फार तर एका माणसाची भर पडेल. पण पाचही जणांचं काम प्रत्येकी 20 टक्क्यांनी सुधारलं तर तेवढीच भर पडते, आणि ती पुढच्या महिन्यातही टिकते. म्हणून त्याचा वेळ विकण्यात जातो की विकणाऱ्याला घडवण्यात, हा प्रश्न महत्त्वाचा.

जॉइंट वर्किंग म्हणजे सोबत फिरणं नव्हे

औषधांच्या लाइनीत साहेब फील्डवर जातच नाहीत असं म्हणता येणार नाही. महिन्यातले बरेच दिवस ते कोणा ना कोणा एमआरबरोबर असतात, कंपनीचा तसा दंडकच असतो. यालाच जॉइंट वर्किंग म्हणतात. कागदावर सगळं उत्तम दिसतं. प्रत्यक्ष दवाखान्यात काय होतं ते मात्र कागदावर येत नाही.

बहुतेक ठिकाणी असं होतं. दोघं आत जातात. साहेब सीनियर, बोलण्यात तरबेज. डॉक्टरसाहेबांना ते दहा वर्षांपासून ओळखतात. व्हिज्युअल एड (औषधाची माहिती दाखवायची चित्रांची पुस्तिका) त्यांच्याच हातात जातो, बोलणं तेच करतात, डॉक्टर हसून "लिखूंगा, लिखूंगा" म्हणतात. एमआर बॅग सांभाळत मागे उभा. बाहेर आल्यावर साहेब खूश, एमआरही खूश. रिपोर्टमध्ये दहा जॉइंट कॉल लागतात. पण त्या दिवशी एमआरचं बोलणं तसूभरही सुधारलेलं नसतं. उलट त्या डॉक्टरच्या मनात एक गोष्ट बसते की खरं बोलायचं ते मोठ्या साहेबांशी. पुढच्या फेरीला एमआर एकटा जातो तेव्हा त्याला मिळणारी तीन मिनिटं दोन होतात.

गाण्याच्या शिकवणीला गुरुजी तासभर स्वतःच गात बसले, तर शिष्याला मैफल ऐकायला मिळते, पण त्याचा आवाज लागत नाही. शिष्याने गायचं, गुरुजींनी ऐकायचं आणि नेमक्या जागी थांबवायचं, तेव्हा शिकवणी होते. जॉइंट वर्किंगचंही तेच. नवा मुलगा असेल तर पहिले दोन-तीन कॉल साहेबांनी करून दाखवावेत, यात शंका नाही. त्यानंतर मात्र बोलणं एमआरचं आणि शांत बसणं साहेबांचं. डॉक्टरांनी साहेबांकडे मोर्चा वळवला तर "सर, ये आपको बताएंगे" म्हणून तो परत एमआरकडे वळवायचा. हे करणं फार अवघड असतं. समोर कॉल फसताना दिसतो, आपल्याला उत्तर माहीत असतं आणि तरी गप्प बसायचं. पण ज्याला हे जमलं त्याच्या टीमचा माणूस सहा महिन्यांत ओळखू येत नाही, इतका बदलतो.

आणि खरं काम कॉल संपल्यावर सुरू होतं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर, पुढच्या डॉक्टरकडे जाण्याआधी, गाडीला टेकून किंवा चहाच्या टपरीवर पाच मिनिटं. आत बोलणं हिंदीत झालं असलं तरी हे पाच मिनिटांचं बोलणं आपल्या मराठी माणसांमध्ये मराठीत होतं, ते साधारण असं असावं:

"सर, डॉक्टरसाहेब बोलूच देत नाहीत."

"हो, घाईत होते. पण त्यांनी तुला काय काय विचारलं, आठवतंय?"

"किंमत विचारली."

"त्याच्या आधी?"

"आधी... म्हणाले, बीपीचे पेशंट पंधरा दिवस गोळी घेतात आणि बंद करतात."

"मग तू काय केलंस?"

"मी पुढचं पान उघडलं, सर."

"बरं. ते वाक्य पुढच्या डॉक्टरकडे ऐकू आलं तर काय विचारशील?"

"का बंद करतात ते विचारीन. पैशांमुळे की बरं वाटायला लागलं म्हणून."

"बस. आज पुढच्या चार कॉलमध्ये एवढंच कर. बाकी काही बदलू नकोस."

या संवादात साहेबांनी काही शिकवलं असं वरवर वाटतही नाही. उत्तर एमआरनेच दिलं. पण त्याच्या हाती एक गोष्ट आली, ती लगेच पुढच्या कॉलमध्ये वापरून बघता येणार आहे आणि साहेब ती बघायला सोबत आहेत. हेच रात्री नऊ वाजता फोनवर, दहा कॉलचं एकत्र सांगितलं असतं, आठ चुका एका दमात मोजून दाखवल्या असत्या, तर त्यातलं काही उरलं नसतं. आठवण ताजी असताना, एका वेळी एक गोष्ट, आणि लगेच सराव. कुठलंही कौशल्य असंच अंगात मुरतं.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारच्या औषध विभागाने औषधविक्रीची नवी आचारसंहिता काढली आणि डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर बंधन आणलं. त्यानंतर तर डॉक्टरसमोरचं हे तीन मिनिटांचं बोलणंच एमआरचं मुख्य भांडवल आहे. जे मनापासून शिकवतात त्या साहेबांना हा बदल चांगलाच मानवला असणार, असं मला वाटतं.

एक सावधगिरी इथे सांगायला हवी. सगळ्यांबरोबर सारखंच फिरायचं नसतं. पंधरा वर्षं इंदूर हेडक्वार्टर सांभाळलेल्या, वयाने मोठ्या एमआरच्या मागे तरुण एएसएम महिन्याचे आठ दिवस लागला, तर त्याला ती पाळत वाटते. त्यांच्याकडे जावं ते शिकायला आणि अडलेलं काही सोडवायला. "दादा, तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?" एवढं विचारून ते जे सांगतील ते हेड ऑफिसकडून मिळवून देणं, हा तिथे साहेबांच्या वेळेचा सर्वांत चांगला उपयोग.

वेळ कोणाला

पाच जणांत एक नेहमी टार्गेटच्या 120 टक्के करणारा असतो, एक 60 टक्क्यांवर अडकलेला, आणि मधले तिघं 85-90 च्या आसपास. साहेबांचा वेळ बहुतेक दोन टोकांकडे ओढला जातो. वरच्याबरोबर फिरणं सुखाचं असतं, डॉक्टर चांगले, बोलणं चांगलं, दिवस छान जातो. खालच्याबरोबर फिरणं भाग पडतं, कारण आरएसएम (एएसएमच्या वरचे रिजनल सेल्स मॅनेजर) त्याचंच विचारतात. मधले तिघं तक्रार करत नाहीत आणि डोळ्यांतही भरत नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला कमी दिवस येतात.

आता हिशेब करा. खालच्याला भरपूर वेळ देऊन 60 वरून 70 वर आणलं तर टीमला 10 मिळाले. मधल्या तिघांना 10-10 ने वर नेलं तर 30. तेही कमी कष्टात, कारण त्यांना काम येतं, फक्त दोन-तीन सवयी अडवतात. अमेरिकेतल्या कॉर्पोरेट एक्झिक्युटिव्ह बोर्ड या संस्थेच्या अभ्यासातही हेच दिसलं होतं की शिकवण्याचा फायदा सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या लोकांना फारसा होत नाही, मधल्या मोठ्या गटाला होतो. याचा अर्थ खालच्याला वाऱ्यावर सोडा असा नाही. तो नवा असेल तर पहिले तीन महिने सर्वांत जास्त दिवस त्याचेच. पण दोन वर्षं जुना असून 60 वर असेल तर प्रश्न बहुधा कौशल्याचा नसतो. प्रदेश चुकीचा असतो, घरची अडचण असते किंवा मन उडालेलं असतं. ते एका दिवसात, नीट बसून बोलल्यावर कळतं. त्यासाठी महिन्याचे दहा दिवस त्याच्यामागे फिरावं लागत नाही.

खरगोनचा माणूस

वेळ कोणाला मिळतो हे स्वभावावर ठरतं तसंच रस्त्यावरही. इंदूरला हेडक्वार्टर असलेल्या साहेबाला देवास आणि उज्जैन जवळ पडतात, संध्याकाळी घरी परतता येतं. खरगोन सुमारे 140 किलोमीटर, खंडवा त्याच्या आसपास, बडवानी आणि झाबुआ त्याहून थोडं लांब. तिकडचा एमआर साहेबांना कधीतरीच दिसतो.

गेले तरी कसे जातात ते बघा. सकाळी सातला निघून दहाला खरगोन, अकरा ते दोन ओपीडी, जेवण करून चारला परत. सहा तास गाडीत आणि हाती एक ओपीडी, तीन तासांची. त्याच ऐवजी रात्री तिथेच मुक्काम केला, तर पहिल्या दिवशीची सकाळ आणि संध्याकाळ, दुसऱ्या दिवशीची सकाळ, अशा तीन ओपीडी मिळतात, आणि गाडीतले तास तेवढेच, सहा. वर दुपारचे मोकळे तास एमआरबरोबर बसून त्याची डॉक्टरांची यादी तपासायला आणि केमिस्टकडे आरसीपीए करायला मिळतात. आरसीपीए म्हणजे केमिस्टच्या काउंटरवर बसून कोणता डॉक्टर कोणत्या कंपनीची गोळी लिहितो याचा अंदाज घेणं. हे काम घाईत होत नाही.

काही कंपन्या मुक्कामाचा भत्ता वाचवायला साहेबांना एका दिवसात जाऊन येण्याचा आग्रह धरतात. हॉटेलचे हजार-बाराशे रुपये वाचतात आणि साहेबांच्या दोन ओपीडी जातात. ही बचत नाही. लहान गावातल्या एमआरला भेटणारं कोणी नसतं, बोलायला दुसऱ्या कंपनीचे एमआर असतात तेवढेच. त्याने नोकरी सोडली तर तो प्रदेश तीन-चार महिने रिकामा पडतो आणि डॉक्टरांशी जमलेली घडी नव्याने बसवावी लागते. दोन महिन्यांतून एकदा साहेब दोन दिवस राहून गेले, त्याच्या घरी चहाला गेले, हे त्याला थांबवायला पुष्कळदा पगारवाढीइतकंच उपयोगी पडतं.

शेवटचा आठवडा

आता तो भाग ज्याने सर्वांत जास्त वेळ खाल्ला जातो. कंपनीने स्टॉकिस्टला माल दिला की ती प्रायमरी. स्टॉकिस्टने केमिस्टला दिला की सेकंडरी. कंपनीचं टार्गेट बहुधा प्रायमरीवर मोजलं जातं, आणि क्लोजिंग महिन्याच्या शेवटी. म्हणून 24-25 तारखेपासून एएसएम दवा बाजारात तळ ठोकतो. "सेठजी, पाच केस और ले लो, अगले महीने देख लेंगे." टीमलाही फील्ड सोडून आपापल्या स्टॉकिस्टकडे बसवलं जातं. आकडा पूर्ण होतो.

पुढच्या महिन्याचे पहिले पंधरा दिवस स्टॉकिस्टच्या गोदामात तोच माल पडून असतो, त्यामुळे नवी ऑर्डर येत नाही. तो न खपलेला काही माल मग एक्स्पायरी म्हणून परत येतो. पंधरा दिवस रिकामे गेले म्हणून शेवटी पुन्हा जोर लावावा लागतो, आणि तेच चक्र. प्रत्येक महिन्यात पाच-सहा दिवस सगळी टीम डॉक्टरांपासून दूर राहते. म्हणजे ज्या 12 तासांवर सगळं उभं आहे त्यातले जवळपास तीन तास गेले. टीमची कामगिरी घसरायचं कारण शोधत साहेब फिरत असतात आणि ते त्यांच्याच कॅलेंडरमध्ये असतं.

यातून एका महिन्यात सुटका होत नाही, हे खरं आहे. टार्गेट तर द्यायचंच आहे. पण स्टॉकिस्टकडचं काम 10 तारखेपासून थोडं थोडं सुरू करता येतं, दुपारच्या 3 ते 5 मध्ये, आणि मालाचं प्रमाण सेकंडरी पाहून ठरवता येतं. शेवटच्या आठवड्यात एएसएमने एकट्याने दवा बाजार सांभाळावा आणि टीमला डॉक्टरांकडेच ठेवावं. एवढं केलं तरी नुकसान निम्म्यावर येतं.

असं का होतं

साहेब हुशार असतात, कष्टाळू असतात, तरी वेळ असा का जातो? एक कारण बढतीच्या पद्धतीत आहे. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी 131 कंपन्यांमधल्या विक्री कर्मचाऱ्यांची माहिती तपासून 2019 मध्ये दाखवलं, की कंपन्या सर्वांत जास्त विकणाऱ्यालाच साहेब करतात. आणि बढतीआधी ज्याची विक्री जास्त, त्याच्या हाताखालच्या टीमची कामगिरी सरासरीने कमी भरते. ज्याने दहा वर्षं स्वतः विकून नाव कमावलं, त्याचा हात एकदम थांबत नाही. दवाखान्यात शिरला की तो बोलणारच.

दुसरं कारण वरून येतं. एएसएमवर आरएसएम, त्यावर झेडएसएम (झोनल सेल्स मॅनेजर), आणि प्रत्येकाला संध्याकाळपर्यंत आकडा हवा असतो. वरचा फोन खाली जाताना पाच फोन होतो. ओपीडीच्या वेळेत फोन न करण्याचा नियम एएसएमने एकट्याने ठरवून चालत नाही, आरएसएमनेही त्याला त्या वेळेत फोन करणं थांबवायला हवं.

तिसरं कारण म्हणजे आपला वेळ कुठे जातो हे माणसाला खरंच कळत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी 27 मोठ्या कंपन्यांच्या सीईओंच्या वेळेची 13 आठवडे, पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशेबाने नोंद करवून घेतली. 2018 मध्ये त्यांनी मांडलेल्या आकड्यांत कामाचा 72 टक्के वेळ मीटिंगमध्ये गेलेला होता आणि ग्राहकांबरोबर फक्त 3 टक्के. हा 3 चा आकडा पाहून त्यातल्या बऱ्याच सीईओंनाच वाईट वाटलं. त्यांची ही गत, तर दिवसाला चाळीस फोन घेणाऱ्या एएसएमने अंदाजाने सांगितलेल्या वेळेवर किती विसंबायचं?

इथे एक शंका रास्त आहे. चांगली टीम असलेल्या साहेबालाच शिकवायला वेळ मिळतो, वाईट टीमचा साहेब आग विझवत फिरतो, असं उलटंही असू शकेल. ओरियाना बांदिएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह सहा देशांतल्या 1,114 सीईओंच्या आठवड्याच्या डायऱ्या मिळवून 2020 मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात हा मुद्दा तपासला होता. वेळ विशिष्ट पद्धतीने घालवणारे सीईओ येण्याआधी त्या कंपन्या इतरांपेक्षा पुढे नव्हत्या, ते आल्यानंतर फरक हळूहळू दिसू लागला. सीईओ आणि एएसएम सारखे नव्हेत, पण कारण आणि परिणाम कुठल्या दिशेने जातात याचा अंदाज येतो.

दोन आठवड्यांची वही

करून बघायचं असेल तर दोन आठवडे खिशात एक छोटी वही ठेवा. दर अर्ध्या तासाला एक अक्षर लिहायचं: डॉक्टरसमोर एमआरबरोबर असाल तर "ड", कॉलनंतर त्याच्याशी बोलत असाल तर "ब", स्टॉकिस्टकडे "स", गाडीत "ग", फोन आणि रिपोर्ट "फ". जोडीला त्या वेळी कोण सोबत होतं त्याचं आद्याक्षर. रात्री आठवून लिहू नका, त्या त्या वेळीच लिहा, कारण आठवणीत आपण नेहमी फील्डवरच असतो.

दोन आठवड्यांनी फक्त ओपीडीच्या वेळेतले खाने बघा. त्यात "ड" आणि "ब" किती, "स" आणि "फ" किती. मग आद्याक्षरं मोजा, कोणाला सर्वांत कमी वेळ मिळाला. पहिल्यांदा हे करणाऱ्याच्या वहीत "ब" बहुधा जवळजवळ नसतोच. तिथूनच सुरुवात करावी: रोज दोन कॉलनंतर पाच-पाच मिनिटं, बाकी काही न बदलता.

फळ लगेच दिसत नाही, आणि याच टप्प्यावर बरेच जण सोडून देतात. पहिला फरक आरसीपीएमध्ये दिसतो, साधारण महिना-दीड महिन्यात. काउंटरवर आपल्या गोळीची चिठ्ठी जास्त येऊ लागते. त्यानंतर सेकंडरी हलते. प्रायमरी सर्वांत शेवटी, कारण मधे स्टॉकिस्टचा जुना साठा संपावा लागतो. म्हणून पहिल्या तिमाहीत आरएसएमने प्रायमरीचा आकडा विचारण्याआधी आरसीपीएची वही मागावी, आणि खरगोन-बडवानीच्या पानांपासून बघायला सुरुवात करावी.